शिकारी बनावटीचं धनुष्य विमानातून न्यायचं तर पेटी कोणती घ्यावी?

पुसदकडच्या एका शेतकरी भावाने विचारलंय. मुलगा बारावीत आहे, दोन वर्षांपासून तिरंदाजी करतो. त्याच्या अमेरिकेतल्या मामाने स्वतःचं जुनं कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, भाच्याला द्यायचं ठरवलंय. मामा तिकडे हरणाच्या शिकारीला तेच वापरायचा. पुढच्या महिन्यात तो घेऊन येतोय. मुलाची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होईल असं दिसतंय, म्हणजे नागपूरहून विमान आलंच. भाऊंचा प्रश्न असा की मामाला तिकडून महागडी हार्ड केस आणायला सांगावं, की इथे दोन-अडीच हजारांत मिळणारी कापडी बॅग पुरेल? शेवटी त्यांनी लिहिलंय, "मामा म्हणते का त्याची तिकडची बॅग बी कापडीच हाय, धा वर्षं झाले काई झालं नाई."

भाऊ, सुरुवात मामाच्या बॅगेपासूनच करतो. मामाची बॅग दहा वर्षं टिकली हे खरं असेल. पण ती गेली कुठे? घरातून स्वतःच्या गाडीत, गाडीतून जंगलाच्या कडेला, आणि परत घरी. दर वेळी उचलणारा हात मामाचाच. विमानात दिलेली बॅग तुमच्या नजरेआड पाच-सहा हातांतून जाते. पट्ट्यावरून घसरते, ट्रॉलीत पडते, वर चार सुटकेस रचल्या जातात, उतरताना पुन्हा तेच. कापड धनुष्याला ओरखड्यापासून वाचवतं, दाबापासून नाही. आणि कंपाउंड धनुष्याला मारतो तो दाब.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ईशान्येतल्या एका स्पर्धेला माझी अकरावीतली एक विद्यार्थिनी होती. बॅग कापडी, चांगली जाड, आतून स्पंज. दोन विमानं बदलून उतरलो. मैदानाशेजारच्या खोलीत तिने चेन उघडली आणि तिचा हात तिथेच थांबला. खालच्या कॅमच्या, म्हणजे टोकाच्या चाकाच्या, खाचेतून केबल बाहेर आली होती आणि बाजूच्या पट्टीवर आडवी ताणून बसली होती. दुसऱ्या राज्याच्या संघाकडून बो-प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरी-केबल सैल करायचं यंत्र, मागून आणला, केबल जागेवर बसवली. जरा बरं वाटतंय तोवर लिंबच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्टीच्या, टोकाजवळ, ॲक्सलच्या म्हणजे चाकाच्या खिळीच्या अगदी बाजूला, केसासारखी बारीक रेघ दिसली. नखाने चाचपली तर नख अडकलं. त्या लिंबवर एकही बाण सोडू द्यायचा नाही हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तीन दिवस ती गॅलरीत बसून राहिली. वर्षभराची मेहनत एका चेनच्या बॅगेत गेली, आणि बॅग निवडली होती मी. तेव्हापासून या विषयावर कुणी विचारलं की मी लांबलचक उत्तर देतो.

म्हणून पहिलं उत्तर सरळ: विमानासाठी कडक पेटीच. पण कडक म्हणजे महाग असं नाही, आणि महाग म्हणजे योग्य असंही नाही. बाहेरचं कवच हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा भाग आत आहे, आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात.

आधी धनुष्य मोजा. कंपाउंडवर जी लांबी लिहिलेली असते ती ॲक्सल ते ॲक्सल, म्हणजे वरच्या चाकाच्या खिळीपासून खालच्या चाकाच्या खिळीपर्यंतची. ती पेटीच्या कामाची नाही. खिळीच्या पलीकडे कॅम दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. शिकारी बनावटीची धनुष्यं आखूड असतात, झाडावरच्या मचाणीत आणि झुडपात वळवायला सोपी पडावीत म्हणून. साधारण २८ ते ३३ इंच. ३१ इंच लिहिलेलं धनुष्य कॅमच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत ३४-३५ इंच भरतं. मामाला सांगा, टेपने हेच माप घे आणि त्यात तीन इंच मिळव. ती पेटीची आतली लांबी. दुकानदार बऱ्याचदा बाहेरची लांबी सांगतात, ते लक्षात ठेवा. तिरपं ठेवलं तर बसेल, असंही कुणी सांगेल. नाही बसत. रायझरपासून, म्हणजे मधल्या मुठीच्या भागापासून, दोरीपर्यंतची रुंदी आडवी येते, आणि जबरदस्तीने बसवलं की कोपऱ्यात अडकतो तो कॅमच.

इथे तुमच्या मुलाचा एक फायदा आहे. बहुतेक विमान कंपन्या एका नगाची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत साधं सामान धरतात. त्यावर गेलं की मोठ्या सामानाचा वेगळा काउंटर आणि वेगळं शुल्क. ३८ इंचांच्या टार्गेट कंपाउंडची पेटी बाहेरून ११८, ४२ आणि १६ धरली तर बेरीज १७६ होते, ती बाहेरच गेली. आखूड शिकारी धनुष्याची पेटी १०१, ४० आणि १६ मध्ये बसवता येते. बेरीज १५७. इतक्या काठावर आहे म्हणून सांगतो, चाकं आणि मूठ धरूनच मोजा. काउंटरवरचा माणूस चाकं सोडून मोजत नाही.

मग वजन. देशातल्या विमानांत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो सामान मिळतं. तुमच्या तिकिटावर किती आहे ते तिकिटावरच पाहा, माझ्या शब्दावर जाऊ नका. आता हिशोब करा. साइट (नेम धरायचं साधन) आणि रेस्ट (बाण टेकवायची जागा) लावलेलं धनुष्य अडीच ते तीन किलो. एक डझन बाण, प्रत्येकी २६ ग्रॅम धरले तरी सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. स्टॅबिलायझर, म्हणजे तोल साधायचा पुढचा दांडा, आणि त्याची वजनं एक किलो. ॲलन की, दोरी, मेण, किरकोळ सामान मिळून आणखी एक किलो. म्हणजे पेटी सोडून पाच-सव्वापाच किलो. परदेशी मोल्डेड हार्ड केस पाच ते आठ किलोची असते, दोन धनुष्यांची घेतली तर दहाच्या वर जाते. "एकदाच घ्यायची तर मोठी घेऊ" म्हणून दोन धनुष्यांची पेटी घेणारे पालक मी पाहिलेत. प्रत्येक प्रवासात ते रिकाम्या जागेचे पैसे भरतात, आणि त्या रिकाम्या जागेत धनुष्य हिंदकळतं. मुलाचे कपडे वेगळ्या पिशवीत, सात किलोच्या आत, सोबत केबिनमध्ये. पेटीत कपडे कोंबायचेच असतील तर टॉवेल आणि जर्सी, तेही स्टॅबिलायझरच्या बाजूला. कॅमवर काही नको.

कवच कशाचं असावं? तीन प्रकार आपल्या आवाक्यातले आहेत. एक, पोकळ भिंतीची पॉलिथिलीनची पेटी. हलकी आणि स्वस्त असते, पण मधोमध दाबली की झाकण वाकतं. दुकानात झाकणाच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून अंगाचा भार टाकून बघा. झाकण बोटभर आत गेलं तर ती पेटी घरच्या गाडीसाठी ठीक, विमानासाठी नको. दुसरी, घट्ट पॉलिप्रॉपिलीनची इंजेक्शन मोल्डेड पेटी. एसकेबी, पेलिकन यांच्या पेट्या या प्रकारातल्या. मामा तिकडून आणणार असेल तर याच प्रकारातली एका धनुष्याची मागवा. तिकडे त्याला इथल्यापेक्षा बरीच स्वस्त पडेल, आणि धनुष्य येईल ते तिच्यातूनच येईल. येणंजाणं तसंही आहे, तर पेटीचा वेगळा खर्च कुरिअरवर कशाला?

या दुसऱ्या प्रकारात रबरी पट्टी असते, झाकण लावलं की पेटी हवाबंद होते. तिला दाबाचा व्हॉल्व्ह आहे का ते बघा, पुढच्या बाजूला मुठीजवळ बटणासारखा दिसतो. विमानात सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्यापेक्षा कमी, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका. पेटीतली हवा वर जाताना बाहेर पडते आणि खाली उतरल्यावर आत शिरू शकली नाही तर झाकण चिकटून बसतं. मग पोरं स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतात आणि रबर फाडतात. व्हॉल्व्ह असेल तर हा प्रश्नच येत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडचा. बँड आणि डीजेवाल्यांच्या स्पीकरसाठी प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या पेट्या बनवणारे कारागीर नागपुरात आहेत, यवतमाळ-अमरावतीलाही सापडतात. माझ्या केंद्रावरच्या चार पेट्या अशाच बनवून घेतल्यात. पहिली बनवली तेव्हा कारागिराने त्याच्या सवयीने ९ मिलिमीटरचं प्लाय घातलं, पेटी फोमसकट ११ किलोवर गेली. धनुष्य ठेवलं की १५ किलोला टेकलीच. दुसरी ६ मिलिमीटरच्या प्लायची केली, साडेसात किलोत बसली, आणि आजवर तिला काही झालेलं नाही. कारागिराला तीन गोष्टी निक्षून सांगा: कोपरे गोल स्टीलचे, कड्या आत दबलेल्या म्हणजे पट्ट्यात अडकणार नाहीत अशा, आणि बिजागरी सलग एकाच पट्टीची. तीन सुट्या बिजागऱ्यांपैकी एक तुटली की झाकण पिळवटतं. ही पेटी हवाबंद नसते, त्यामुळे व्हॉल्व्ह लागत नाही. पावसाळ्यात मात्र वरून प्लास्टिकचं कव्हर हवंच.

घरातली पत्र्याची पेटी चालेल का, असंही एका आजोबांनी मला विचारलं होतं. पत्र्याला एकदा पोचा पडला की त्याचं टोक आतल्या बाजूला येतं, आणि त्याच्यासमोर लिंब असतो. नको.

आता आतला भाग. माझं सगळं सांगणं इथे येऊन थांबतं. पेटीत धनुष्याचा भार रायझरवर, म्हणजे मधल्या धातूच्या भागावर पडला पाहिजे. कॅमला, लिंबच्या टोकांना, दोरी आणि केबलना पेटीच्या कुठल्याही भागाने स्पर्श करता कामा नये. कंपाउंड पेटीत पडलेलं असतानाही ताणलेलंच असतं. चाकावर बाजूने थोडा दाब आला तर चाक कलतं, आणि वरून एक आपट बसली की केबल खाचेतून निसटते. माझ्या विद्यार्थिनीच्या धनुष्याचं नेमकं हेच झालं होतं. जाड मऊ स्पंज सगळीकडे भरला म्हणून ते वाचत नाही. उलट तो स्पंज झाकणाचा सगळा दाब कॅमपर्यंत पोचवतो.

गादीवाल्याकडचा स्पंज तर मुळीच घेऊ नका. तो ओल पितो, दोन उन्हाळ्यांत भुगा होतो, आणि तो भुगा कॅमच्या बेअरिंगमध्ये जातो. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा किंवा काळा, दाबला तर परत उभा राहणारा पॉलिथिलीन फोम घ्या. त्यावर धनुष्य आडवं ठेवून पेनने कडा काढा. रायझरच्या जागी रेघेवरच कापा, घट्ट बसू द्या. कॅम आणि दोरीच्या जागी रेघेच्या बाहेर दोन बोटं सोडून कापा, आणि तिथे खोलीही जास्त ठेवा. रायझर दोन जागी वेल्क्रोच्या पट्टीने बांधा. प्लास्टिकची टाय वापरू नका. सुरक्षा तपासणीत ती कापतात आणि परत बांधायला कुणी नसतं.

झालं की परीक्षा घ्या. घरातली रांगोळी किंवा खडूची पूड कॅमच्या कडांना आणि लिंबच्या टोकांना बोटाने लावा. पेटी बंद करा, उभी करा, आडवी करा, उलटी करा, घराच्या पायरीवरून दोन-तीनदा धपकन खाली ठेवा. मग उघडून फोमकडे आणि झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघा. जिथे पांढरा डाग उमटला तिथे आणखी कापा. डाग उमटायचा थांबेपर्यंत हे करत राहा. माझ्याकडची पोट्टे पहिल्यांदा हसतात, दुसऱ्यांदा स्वतःच रांगोळी घेऊन येतात. आयात केलेल्या महागड्या पेटीतही मी डाग उमटलेले पाहिलेत, कारण तिचा फोम कुठल्या तरी भलत्याच धनुष्यासाठी कापलेला होता. आतून साधा सपाट फोम असलेली पेटी घ्यावी आणि स्वतः कापावी हे त्यामुळे बरं.

बाणांसाठी पेटीत वेगळी नळी ठेवा. शेतातल्या पाईपलाईनचा ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप तुमच्या गोठ्यात पडलेलाच असेल. बाणापेक्षा तीन इंच जास्त लांब कापा, खाली फोमची चकती, दोन्ही टोकांना टोपण. टोपण सोल्युशनने चिकटवू नका, टेपने बसवा, म्हणजे तपासणीला उघडता येईल. शिकारीची ब्रॉडहेड टोकं मात्र मामाने तिकडेच ठेवावीत. पात्यासारखी धारदार असतात, लक्ष्याचा चुरा करतात, इथे त्यांचं काही कामच नाही.

शिकारी बनावट आली म्हणून आणखी दोन गोष्टी बोलून घेतो, पेटीच्या जराशा बाहेरच्या आहेत. अशा धनुष्याची ताकद, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ६० ते ७० पौंडांची असते. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे आणि साधनांच्या तपासणीत ते मोजलं जातं. मामाचं धनुष्य किती पौंडांपर्यंत खाली येतं ते त्याच्या लेबलवर पाहून घ्या. आणि झाडपाल्याची चितारी म्हणजे कॅमोफ्लाज रंग असेल तर तोही त्या नियमात बसत नाही. खर्च करण्याआधी हे स्पर्धेच्या अधिकाऱ्यांशी किंवा जिल्हा संघटनेशी बोलून घ्या. नाहीतर पेटी उत्तम आणि आतलं धनुष्य मैदानाबाहेर.

दुसरी गोष्ट आपल्या जंगलांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण स्पष्ट लिहिलेला आहे, आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला लेखी परवानगी लागते. तुमचा रस्ता दिग्रस, आर्णी, यवतमाळ, वर्धा असा नागपूरला जातो, तुम्हाला अडचण नाही. पण धारणीकडची मुलं सेमाडोहवरून परतवाड्याला उतरतात, तो सगळा मेळघाटचा पट्टा. त्यांच्या प्रशिक्षकांनी वन विभागाशी आधी बोलून परवानगीचा कागद सोबत ठेवावा. पेटी कुलूपबंद, संघटनेचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र वरच्या कप्प्यात. हरणाचं चित्र असलेला स्टिकर पेटीवर असेल तर काढून टाका.

आता प्रवास. नागपूरहून दिल्ली दीड-पावणेदोन तासांची, पण पुसदहून नागपूर पाच-सहा तास. पेटीची निवड विमानासाठी म्हणून विचारता, पण माझ्या हिशोबाने जास्त मार तिला रस्त्यावर आणि उन्हात बसतो. लाल परीत पेटी डिकीत किंवा टपावर टाकू नका. मागच्या चाकाच्या वरची सीट टाळा. लगेज तिकीट काढा आणि दोन सीटच्या मध्ये उभी, पट्ट्याने सीटच्या दांडीला बांधून न्या. जीप केली तर कॅरिअरवर नाही, आत. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४५ अंशांच्या वर पारा जातो, चंद्रपूरकडे तर ४७ पण बघतो आपण. बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. लिंब म्हणजे फायबर आणि कार्बनचे थर चिकटवून केलेली पट्टी. उष्णतेने तो चिकटपणा हळूहळू कमजोर होतो. दोरीचे धागे ताणाखाली उष्णतेत लांबतात, मग पीप, म्हणजे दोरीतलं नेम धरायचं छिद्र, फिरतो आणि घरी जमलेला नेम मैदानावर चुकतो. काळी पेटी असेल तर वरून पांढऱ्या चादरीचं कव्हर शिवून घ्या. गाडी ढाब्यावर थांबली तर पेटी तुमच्यासोबत जेवायला येईल, गाडीत राहणार नाही.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली आहे, तीही लक्षात घेण्यासारखी. पण तिथे एटीआर ७२ हे छोटं विमान येतं आणि त्याचा सामानाचा कप्पाही छोटा. लांब पेटी असेल तर तिकीट काढण्याआधी फोन करून मापं सांगा. पुढचं विमान जोडायचं असेल तर हे विशेष.

पेटी भरण्याच्या आदल्या रात्री मुलाला हे करायला लावा, तुम्ही करू नका. साइट आणि स्टॅबिलायझर काढायचे. काढण्याआधी पांढऱ्या नेलपॉलिशने रेघ मारायची, अर्धी साइटवर आणि अर्धी रायझरवर, म्हणजे लावताना रेघ जुळली की झालं. ॲक्सल ते ॲक्सल, ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर), पीपची उंची, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) मोजून एका कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आत चिकटवायचा. कॅमचे फोटो दोन्ही बाजूंनी. लिंबचे बोल्ट सैल करून न्यावेत असं काही जण सांगतात. माझं मत वेगळं आहे. प्रवासापुरते सैल केले तर पोचल्यावर दोरीचा जोर मोजायचा वजनकाटा आणि निवांत दिवस हवा, आणि कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त फेरे सोडले तर धनुष्य हातात उसळू शकतं. पेटी बरोबर असेल तर बोल्ट जसेच्या तसे राहू द्या.

धनुष्य, बाण, ॲलन की हे सगळं चेक-इनमध्येच जातं, केबिनमध्ये नाही. पॉवर बँक नेमकी उलट, ती केबिनमध्येच. मामाच्या वजनकाट्याला किंवा साइटच्या दिव्याला सुटी बॅटरी असेल तर तीही सोबत. पिसं चिकटवायचा गोंद, ॲसिटोन, गॅसचं लायटर यांतलं काहीही कुठल्याही बॅगेत नको, ज्वालाग्राही म्हणून काढून घेतात आणि पेटी उघडायला लावतात ते वेगळं. रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) आणि स्कोपची, म्हणजे साइटच्या भिंगाची, काच मी पोरांना हातातल्या पिशवीत ठेवायला सांगतो. पेटी एखादा दिवस उशिरा पोचली तरी सवयीचा रिलीज हातात असतो. तपासणीत कुणी नाही म्हटलंच तर परत काउंटरला जायला वेळ हवा, म्हणून अडीच तास आधी पोचा.

काउंटरवर स्वतःहून सांगा, खेळाचं धनुष्य आहे, स्पर्धेला चाललोय. कुलूप लावा, पण किल्ली मुलाच्या खिशात आणि मुलगा जवळपास, बोलावणं येतं. मामा अमेरिकेहून निघताना मात्र तिथल्या तपासणीला उघडता येईल असं टीएसए कुलूप लावू दे, नाहीतर ते कापतात. नाजूक सामान म्हणून एखादा टॅग लावून सही मागतात. ती सही वाचून करा. बऱ्याचदा त्यात नुकसान झालं तर कंपनीची जबाबदारी नाही असं लिहिलेलं असतं. सही टाळता येत नसेल तर निदान काउंटरवरच उघड्या पेटीचा फोटो घ्या, मागे काउंटर दिसेल असा. उतरल्यावर पेटी विमानतळाच्या बाहेर नेण्याआधी उघडा. काही दिसलं तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत द्यावी लागते, मामाला हे माहीत असू द्या.

रिकर्व्हवाल्यांचंही, म्हणजे बिनचाकांचं धनुष्य वापरणाऱ्यांचंही, थोडक्यात सांगतो, कारण पुसदच्या केंद्रावर तेही असतील. रिकर्व्ह सुटं होतं, २५ इंचांचा रायझर आणि लिंब वेगळे, ताण काहीच नाही. साध्या कडक ट्रॉली बॅगेत लिंब मोज्यांत घालून कपड्यांच्या मधोमध ठेवले की पुरतं. इंडियन राउंड या देशी प्रकारातलं बांबूचं अखंड धनुष्य दोरी उतरवून ११० मिलिमीटरच्या पाईपात.

२०२३ मध्ये बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं, नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेता झाला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून त्याने तीन सुवर्णं आणली. त्यानंतर आपल्याकडच्या पोरांचा ओढा कंपाउंडकडे वळला. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, म्हणजे हा ओढा वाढणारच. पण गावाकडच्या घरात कंपाउंड म्हणजे एका हंगामाचा कापूस. ते मोडलं तर दुसरं येत नाही. त्यामुळे हे सगळं इतक्या तपशिलात लिहिलं.

पोचल्यावर शेवटचं काम आणि तेही कापसाचंच. घरून सरकी काढलेल्या कापसाचा एक बोळा पेटीत टाका. धनुष्य बाहेर काढल्यावर, दोरी ओढायच्या आधी, तो बोळा दोन्ही लिंबच्या कडांवरून, टोकांपासून रायझरपर्यंत, मग कॅमच्या कडांवरून हलक्या हाताने फिरवायचा. कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे चीर किंवा ओरखडा आहे. डोळ्याला न दिसणारी चीर कापसाला सापडते. मग दोरी आणि केबल खाचेत नीट बसल्यात का ते दोन्ही कॅमवर बघायचं, झाकणावरच्या कागदाशी मापं ताडायची. प्रत्येक बाण दोन्ही हातांनी हलकेच वाकवून कानाशी धरायचा, चरचर आली तर तो बाजूला. मग लक्ष्यापासून पाच मीटरवर उभं राहून पहिला बाण. बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, कुणी बघायला मागितलं तरी नाही.

मामाने टेप लावून घेतलेलं कॅम ते कॅम माप आणि पेटीच्या आतल्या-बाहेरच्या मापांचा फोटो त्याने पेटी विकत घ्यायच्या आधी मला पाठवा. त्यावरून ही पेटी चालेल की नागपूरच्या कारागिराकडे जायचं, ते त्याच दिवशी कळवतो.